हत्तीच्या गोधडीचं मोल

एका राज्यात एक आळी होती, आणि त्या आळीत एक शाप राहत होता. राज्याचं नाव विचारू नका, ज्यांनी मला ही कथा सांगितली त्यांनीही ते विचारलं नव्हतं. आळीचं नाव मात्र सर्वांना ठाऊक: गोधडीआळी. तिथल्या बायका ओसरीवर पाय पसरून बसत, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरत, आणि काठापासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत जात. मधोमध पोचल्या की शेवटचा टाका घालण्याआधी ज्वारीचे चार दाणे आत ठेवत. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, अशी त्यांची समजूत होती. समजूत खरी असावी, कारण त्या आळीच्या गोधडीत शिरलेला माणूस सहजासहजी बाहेर येत नसे.

आता शापाचं ऐका. फार पूर्वी घुमटनाथ नावाचा मांत्रिक या आळीत गोधडी घ्यायला आला. ज्या बाईकडे आला तिने मोल सांगितलं, अकरा होन. नाथ म्हणाला, पाच. बाई म्हणाली, अकरा. नाथ म्हणाला, सहा. बाईने सुईत दोरा ओवायला घेतला. मांत्रिकांना राग लवकर येतो. त्याने कमंडलूतलं पाणी आळीभर शिंपडलं आणि म्हणाला, “आजपासून इथल्या एकाही बाईला आपल्या कामाचं मोल सांगता येणार नाही. सांगायला तोंड उघडलं की एवढंच निघेल: द्या काय द्यायचं ते.”

तेव्हापासून तसंच चाललं होतं. गिऱ्हाइकाने “केवढ्याला?” म्हटलं की आळीतली बाई मोल सांगायला तोंड उघडे, जीभ आपोआप वळे आणि म्हणे, “द्या काय द्यायचं ते.” लोकांना तो बायकांचा चांगुलपणा वाटला. ते फार खूश झाले आणि काय वाटेल ते देऊ लागले.

त्या बाईची पणती म्हणजे भिवरा. वय चाळीस, अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी जरा सैल बांधली तर भिवरा तिला बाजारात तोंड दाखवायची सोय ठेवत नसे. एकदा कोतवालाच्या घोड्याने तिच्या ओसरीपुढे लीद टाकली, तर तिने कोतवालाला खाली उतरवून त्याच्याकडून ती उचलवली होती. पण अशी ही भिवरा गोधडीची किंमत सांगायची वेळ आली की मान खाली घाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळी आणि तेच ते म्हणे. मागाहून तिला स्वतःची इतकी चीड येई की संध्याकाळपर्यंत ती कोणाशी बोलत नसे.

तिच्या ओसरीवर पाच जणी मिळून काम करीत. सर्वांत थोरली ठकूमावशी, साठीची, कंबरेत वाकलेली, पण टाका असा बारीक की मुंगीने मोजावा. पाच जणींचं हे काम भिवराने अकरा वर्षं खपून उभं केलं होतं. गोधड्या राज्यभर जात, आणि ओसरीवर खायला पुरेसं कधी नसे. सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे राजवाडा, आणि राजवाड्याची रीत ठरलेली. सहा गोधड्या नेल्या, सहा नारळ दिले. राणीसाहेब वर “वा” म्हणाल्या. पाच जणींच्या घरी नारळाची चटणी, नारळाची आमटी आणि नारळाचीच भाजी शिजे, आणि ठकूमावशीचा नवरा तर शेंडी पाहिली की दचके.

एके दिवशी राजाचा हत्ती शिंकू लागला. हत्तीचं नाव दिग्विजय. तो शिंकला की राजवाड्याच्या तावदानांना तडे जात. राजवैद्य म्हणाले, याला हाताने शिवलेल्या गोधडीची ऊब हवी. लगेच राण्यांच्या जुन्या लुगड्यांच्या तीन बैलगाड्या भिवराच्या ओसरीपुढे येऊन उभ्या राहिल्या. पाच जणींनी जरीकाठ उसवले, लुगडी धुतली, वाळवली, आणि शिवायला बसल्या. हत्तीचं माप घ्यायला भिवराला तीनदा जावं लागलं, कारण तो एका जागी उभा राहत नसे. तीन महिने लागले. दाणे चार पुरणार नाहीत म्हणून मधोमध शेरभर ज्वारी घातली. गोधडी पुरी झाली तेव्हा ती घडी घालून ठेवायला शेजारच्या दोन ओसऱ्या मागाव्या लागल्या.

मग ठकूमावशीने सुई डबीत ठेवली.

“भिवरे, या पौर्णिमेला तू ती दरबारात देणार.”

“देणार.”

“आणि नारळ घेऊन येणार.”

भिवराने उगाच उरलेला दोरा गुंडाळायला घेतला.

“मुदपाकखान्यात मिरच्या कुटायला बायका हव्यात. महिन्याला दोन होन, रोखीने. या खेपेला नारळ आला तर आम्ही चौघी तिकडे जाणार. तुझ्यावर राग नाही गं. पण पोट आहे.”

भिवराला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही. या चौघी गेल्या तर ओसरीवर ती आणि तिची सुई एवढंच उरणार होतं. कंबरेत वाकलेली ठकूमावशी उखळापाशी उभी आहे, हे चित्र तर तिला डोळ्यांपुढे आणवेना. तिने डोळे पुसले, गोधडीचा वीतभर नमुना पदरात बांधला आणि म्हणाली, “पौर्णिमेला आठ दिवस आहेत. मी घुमटनाथाकडे जाते. शाप त्याचा, उतरवायचाही त्याने.”

गावकुसाबाहेर बाभळीवर एक साळुंकी बसली होती. मांत्रिकांच्या वाटा साळुंक्यांना ठाऊक असतात.

“घुमटनाथाचा डोंगर कुठे?” भिवराने विचारलं.

“वाट दाखवायचे तीन मुठी बाजरी,” साळुंकी म्हणाली. “दीड आधी, दीड पोचल्यावर.”

“तीन मुठी? अगं, एवढीशी तू. एक घे.”

साळुंकी पंख साफ करू लागली.

“बरं, दोन.”

साळुंकीने दुसरा पंख घेतला. ऊन चढलं. भिवराने पाच वेळा नाक मुरडलं, दोनदा निघून गेल्याचं सोंग केलं, आणि शेवटी निमूट दीड मूठ बाजरी मोजून दिली. साळुंकी उडाली, भिवरा मागोमाग. या पक्ष्याने आपल्याला नेमकं कसं गुंडाळलं याचा ती वाटभर विचार करीत होती.

तिसऱ्या दिवशी एक रान लागलं.

“हे घासाघिशीचं रान,” साळुंकी म्हणाली. “इथली झाडं बोलतात. ऐकलं तरी चालतं. पण एकालाही समजावून सांगायला गेलीस, तर पायाला मुळं फुटतील. शाप उतरवायच्या तीन कामांतलं हे पहिलं. मी वरून उडते.”

भिवरा आत शिरली. पहिलंच झाड म्हणालं, “कापड तर आमचंच होतं.” दुसरं म्हणालं, “आमची आजी घरच्या घरी शिवायची, दोन दिवसांत.” तिसरं म्हणालं, “शेजारच्या राज्यात निम्म्याने मिळते.” चौथं म्हणालं, “आम्ही तुमचं नाव चार जणांत सांगू की.” एका जागी कमरेपर्यंत खोड झालेला एक कुंभार उभा होता. पागोट्याला पानं फुटली होती, तरी त्याचं चालूच होतं: “अहो, भट्टीला लाकूड लागतं, माती लांबून आणावी लागते, तुम्हीच सांगा.” त्याला मात्र झाडं काहीच सांगत नव्हती. ती नुसती “हं” म्हणत होती.

भिवराने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि चालत राहिली. रानाचा काठ दिसू लागला तेव्हा एक म्हातारं चिंचेचं झाड अगदी मायेने म्हणालं, “बाकी सगळं छान आहे हो. टाके तेवढे जरा वाकडे वाटतात.”

भिवरा जागच्या जागी थांबली. वाकडे? ठकूमावशीचे टाके? तिने पदराचा बोळा बाहेर काढला, कंबरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “हे बघ—” तेवढ्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला मूळ फुटून जमिनीत शिरलं. भिवराने बोळा पुन्हा कोंबला, मूळ उपटलं आणि रानाबाहेर येईपर्यंत मागे पाहिलं नाही. अंगठा पुढे महिनाभर ठणकत होता. झाडाला उत्तर देता आलं नाही याचं दुःख त्याहून अधिक दिवस टिकलं.

डोंगराच्या गुहेत घुमटनाथ बसला होता. मांत्रिक होता म्हणून मेला नव्हता, एवढंच. दाढी गुडघ्यांपर्यंत आलेली, अंगावर गवताची चटई. साळुंकीने उरलेली दीड मूठ बाजरी घेतली आणि ती आल्या वाटेने उडून गेली.

“नाथबाबा, आमच्या आळीचा शाप उतरवा,” भिवरा म्हणाली.

नाथाने भूर्जपत्रांची जाडजूड चवड काढली. “गोधडीआळी. तो शाप एका वर्षाचा होता.”

“एका वर्षाचा?”

“मी काही राक्षस नाही. पण त्यात एक कलम होतं. आळीतली कोणी ते वाक्य बोलली, की शापाला आणखी एक वर्ष मिळायचं. तुम्ही ते फार वेळा बोललात, बाई. आजच्या घडीला तो चार हजार दोनशे वर्षं चालेल.”

“चार हजार वर्षं?” भिवरा मटकन खाली बसली. “नाथबाबा, हा शाप काढायचे तुम्ही काय घ्याल?”

“मला तो काढता येत नाही. आता तो माझा राहिला नाही.” नाथ ओशाळल्यासारखा झाला. “आणि ते बघ.”

गुहेच्या भिंतीलगत सोन्याच्या होनांची रास होती, छताला टेकलेली.

“हे तुमच्या आळीचे. पणजीपासून आजवर तुम्ही जे मागितले नाहीत ते सगळे इथे येऊन पडले. मला चालायला जागा उरली नाही.”

भिवराने धावत जाऊन ओंजळ भरली. होन बोटांतून धूर होऊन गेले. दुसरी ओंजळ भरली, तीही गेली. न मागितलेलं धन असंच असतं, असं नाथ म्हणाला, आणि ते ऐकताना भिवराला आपली आई आठवली. आयुष्यभर शिवून शिवून तिचं बोट वाकडं झालं होतं आणि तिच्या अंगावर कधी धड लुगडं आलं नव्हतं. तिला पहिल्यांदाच या शापाचा खराखुरा राग आला.

“काय करायचं ते सांगा.”

नाथाने एक तराजू पुढे ठेवला. “हे दुसरं काम. या पारड्यात नमुना टाक. जिचा तो नमुना आहे, त्या सबंध गोधडीचं मोल तराजू धरतो. दुसऱ्या पारड्यात काय काय गेलं ते सांगत जा. खरं सांगितलंस की खडा पडेल. एक खडा, एक होन.”

भिवराने वीतभर नमुना टाकला. पारडं दगडासारखं खाली गेलं.

“दोरा, सुया, मेण,” भिवरा म्हणाली. चार खडे पडले. पारडं ढिम्म हललं नाही.

“झालं एवढंच. कापड त्यांचंच होतं.”

“बाई, पाच जणी तीन महिने काय करीत होत्या?”

“बसलो होतो. शिवत.”

“ते धर.”

ते धरल्यावर खडे टपटप पडू लागले, पंचेचाळीस पडले, आणि दुसरं पारडं पहिल्यांदा हललं. मग भिवराला एकेक आठवू लागलं. जरीकाठ उसवले, लुगडी धुतली: तीन. हत्तीच्या मागे मापाची दोरी घेऊन धावली: दोन. सात वर्षं आईपाशी बसून टाके घातले, आईने उसवले, पुन्हा घातले. “ते कसं धरायचं? ते तर कधीच होऊन गेलं,” ती म्हणाली. पण सात खडे पडले होते. तरीही तराजू जरासा तिरकाच होता. भिवराने पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणाली, “काम नसतं त्या दिवसांतही आम्ही जेवतो.” दोन खडे पडले आणि काटा सरळ झाला.

“त्रेसष्ट,” नाथ म्हणाला.

भिवराचा चेहरा पडला. “फार होतात हो. साठ बरे दिसतील.” आणि तिने हळूच तीन खडे उचलले. पारडं असं आदळलं की गुहेतली वटवाघळं उडाली. तिने खडे परत ठेवले.

“आता मला मोल सांग.”

भिवराने तोंड उघडलं. “द्या काय द्यायचं ते.”

“चार हजार दोनशे एक,” नाथाने भूर्जपत्रावर लिहिलं. “तिसरं काम दरबारात. हे खडे बरोबर ने. जीभ वळायला लागली की त्यांच्यावर हात ठेव. मोल सांगितलंस की गप्प बस. समोरचा बोलेपर्यंत नव्हे, समोरचा हो म्हणेपर्यंत. तू आपल्या तोंडाने एक होनही कमी केलास, तर शाप कायमचा.”

पौर्णिमेला गोधडी दरबारात पोचली. ती उचलायला चाळीस भोई लागले. दिग्विजयच्या पाठीवर ती पसरली, तशी त्याने डोळे मिटले, आणि शिंकायला उचललेली सोंड खाली घेतली. मग त्याला मधल्या ज्वारीचा वास आला. तो स्वतःच्या पाठीवर सोंडेने ती हुंगत राहिला.

राजा मेघकेतू सिंहासनावर होता. शेजारी खजिनदार विरूपाक्षपंत, आणि पंतांच्या हातात तबक. तबकात नारळ.

“गोधडी उत्तम आहे,” राजा म्हणाला. “मोल काय?”

भिवराने तोंड उघडलं. “द्या का—” ती म्हणाली आणि तिने जीभ दातांत धरली. डोळ्यांतून पाणी आलं. तिने हात खड्यांच्या पुरचुंडीत घातला. बोटाला एक खडा लागला, तो ठकूमावशीच्या कंबरेचा होता. दुसरा लागला, त्यात आई टाका उसवत होती आणि म्हणत होती, “पुन्हा घाल.” पुरचुंडीच्या तळाला उखळाचा आवाज आल्यासारखा तिला वाटला. तिने मान वर केली.

“त्रेसष्ट होन.”



विरूपाक्षपंत प्रथम सावरले. “कापड सरकारचं होतं.”

भिवरा गप्प.

“आमच्या मातुःश्री घरीच शिवत.”

भिवरा गप्प. घासाघिशीच्या रानातून आलेल्या बाईला हे जुनंच होतं.

“राजवाड्याचं काम म्हणजे मान असतो, बाई. तुझं नाव होईल.”

भिवराने विरूपाक्षपंतांच्या पायांकडे पाहिलं. मुळं फुटलेली नव्हती. अजून वेळ होता.

“चाळीस,” पंत म्हणाले. मग म्हणाले, “पन्नास.” मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, “साठ, आणि वर नारळ.”

इथे भिवराचं काळीज लककन हललं. साठ होन तिच्या आळीने एका जागी पाहिले नव्हते. साठात पाच जणींचं वर्ष निघालं असतं. ‘चालेल’ हा शब्द पोटातून निघाला, गळ्यात आला, जिभेवर येऊन बसला. गेली अकरा वर्षं ज्या तोंडाने अख्ख्या बाजाराला धाक घातला, ते तोंड बंद ठेवायला तिला आता दोन्ही हात लावावे लागले. ती तशीच उभी राहिली. दिग्विजय हुंगत होता. सावली एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली.

“पंत,” राजा म्हणाला, “ही बाई बोलत का नाही?”

“महाराज, तिने मोल सांगितलं आहे.”

“मग आपण देत का नाही?”

“महाराज, आजवर आपण नारळ देत आलो.”

राजाने तबकाकडे पाहिलं. “आम्हाला गादीवर बसून बावीस वर्षं झाली,” तो म्हणाला. “प्रत्येक खेपेला आम्ही विचारलं, काय देऊ? प्रत्येक खेपेला उत्तर आलं, द्या काय द्यायचं ते. काय द्यायचं ते आम्हाला कसं ठाऊक असणार? आम्ही कधी सुई धरली नाही. एकदा नारळ दिला, सगळ्या नमस्कार करून निघून गेल्या. आम्ही समजलो, नारळच द्यायचा असतो.” मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “त्रेसष्ट होन द्या. हो.”

त्या क्षणी नगरावर दोरा तुटल्यासारखा आवाज झाला. चार हजार दोनशे एक वर्षं एकदम सरली. गुहेतली रास धूर होऊन निघून गेली आणि घुमटनाथाला पाय पसरायला जागा झाली. घासाघिशीच्या रानात खोडं उकलली. तिसऱ्या दिवशी तो कुंभार पागोट्यात पानं घेऊन वेशीतून आत आला. वेशीवरच्या शिपायाने एका रांजणाची किंमत विचारली, आणि कुंभाराने ती दोन शब्दांत सांगितली. पुढे राज्याची घडी नीट बसली. विरूपाक्षपंतांना काही दिवस ताप आला, पण राजवैद्याने त्यांच्याकडूनही आपलं पूर्ण मोल घेतल्यावर ते लवकर बरे झाले.

भिवरा त्रेसष्ट होनांची थैली कमरेला खोचून आळीत आली, तेव्हा ओसरीपुढे एक सावकारीण उभी होती. तिच्या हातात नातवाचं दुपटं होतं, ठकूमावशीने शिवलेलं. “केवढ्याला?” सावकारीण विचारत होती.

ठकूमावशीने सवयीने मान खाली घातली. तोंड उघडलं. आणि साठ वर्षांत पहिल्यांदा आतून आकडा बाहेर आला.

“चार होन.”

मावशीच इतकी दचकली की तिने पदर तोंडाला लावला. भिवराने तिचा खांदा घट्ट धरला आणि कानात सांगितलं, “आता गप्प.” दोघी गप्प राहिल्या. बाकीच्या तिघींनी सुया हवेत धरल्या. सावकारिणीने दुपटं उलटं केलं, सुलटं केलं, काठ पाहिला, टाके पाहिले. मग कनवटीतून चार होन काढून ओसरीवर ठेवले, दुपटं घेतलं आणि निघून गेली.

ठकूमावशी होनांकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भिवराने तिला जवळ घेतलं.

“रडू नको मावशी. शाप गेला. आता मिरच्या कुटायच्या नाहीत.”

“त्यासाठी नाही गं,” ठकूमावशी नाक ओढत म्हणाली. “किती सहज दिले बघ तिने. मी पाच सांगायला हवे होते.”